फ्लोरिडातल्या एचओएची वेबसाइट: नव्या बोर्डाने पहिल्या महिन्यात काय तपासावं

एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची असोसिएशन (होमओनर्स असोसिएशन). तिच्या बोर्डावर निवडून आलात की राज्याने मान्य केलेलं प्रशिक्षण 90 दिवसांत पूर्ण करावं लागतं, ते तुम्ही करालच. वेबसाइटच्या चाव्या कुणाकडे आहेत हे मात्र त्यात कुणी सांगत नाही, म्हणून ही तयारी त्याआधी सुरू करा. 2024 मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला आणि 100 किंवा जास्त प्लॉट असलेल्या एचओएला 1 जानेवारी 2025 पासून नियमावली, बजेट, आर्थिक अहवाल, विमा पॉलिसी, चालू कंत्राटांची यादी, सभेच्या नोटिसा हे सगळं वेबसाइटवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर ठेवणं सक्तीचं झालं. तुम्ही कॉन्डोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीत, राहत असाल तर कायदा वेगळा आहे आणि तिथे 25 युनिटांपासूनच ही सक्ती लागते. टेक्सासवाल्यांनी आपल्या राज्याचा 60 प्लॉटचा नियम बघावा. खाली जे आहे ते फ्लोरिडातल्या एचओएपुरतं.

सगळ्यात आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ते चार वर्षांपूर्वीच्या खजिनदाराच्या खासगी जीमेलवर असतं, तो घर विकून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि मुदत संपल्याची सूचना त्यालाच जाते. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल ही तिन्ही खाती असोसिएशनच्या स्वतःच्या पत्त्यावर आणा, किमान दोघांकडे अ‍ॅडमिनचा हक्क ठेवा आणि दोघांनाही टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी पडताळणी) सुरू करायला लावा. मॅनेजमेंट कंपनी पोर्टल चालवत असेल तर कंत्राट संपल्यावर फाइली कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील हे कंत्राटात लिहिलंय का, तेही वाचा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी लिहून घ्या. कंपनीशी भांडण झाल्यावर ही अट घालता येत नाही.

आता लॅपटॉपवर बसा आणि सदस्य म्हणून लॉगिन करा. एखादी पीडीएफ उघडा, तिची लिंक कॉपी करा आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत टाका. पासवर्ड न मागता फाइल उघडली, तर तुमचं कुलूप फक्त पानाला आहे, कागद उघड्यावरच पडलेत. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनावर हे सर्रास दिसतं: सदस्यांचं पान प्लगइनने (जोडून घेतलेल्या सॉफ्टवेअरने) झाकलेलं, पण अपलोड्सच्या फोल्डरमधली फाइल ज्याच्याकडे लिंक आहे त्याला खुली. कायद्याला सदस्य आणि असोसिएशनच्या कर्मचाऱ्यांखेरीज कुणालाही न दिसणारा विभाग हवा आहे. फाइलच उघडी असेल तर तो विभाग तुमच्याकडे नाही असंच समजा. गूगलवर आपल्या डोमेनच्या नावासोबत पीडीएफ शोधूनही बघा.

नंतर कागदांच्या आत काय आहे ते बघा. सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स, क्रेडिट कार्ड, मालकांचे ईमेल आणि फोन, वैद्यकीय कागद, कर्मचाऱ्यांच्या फाइली, भाडेकरू किंवा खरेदीदाराला मंजुरी देताना गोळा केलेली माहिती, वकिलाशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार: हे इतर सदस्यांनाही दाखवायचं नसतं. असोसिएशनचे पासवर्डही त्यातच येतात. अशा ओळी काळ्या करताना वर्डमध्ये नुसता काळा चौकोन ठेवून पीडीएफ बनवू नका. त्या चौकोनावरून माउस फिरवून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. खालचा फोन नंबर जसाच्या तसा उतरतो. खरं रिडॅक्शन करणारं साधन वापरा, नाहीतर प्रिंट काढून मार्करने खोडा, स्कॅन करा आणि स्कॅन उजेडात धरल्यासारखं मोठं करून तपासा. सभेच्या इतिवृत्तातही नजर टाका. गेटचा कोड तिथेच सापडतो.

लॉगिनच्या यादीला एक संध्याकाळ द्या. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असेल तर तो आधी बंद करा, कारण विकून गेलेल्याचा प्रवेश वेगळा काढता येत नाही. घराचं क्लोजिंग (विक्रीचा व्यवहार पूर्ण) झालं की जुनं खातं बंद आणि नवं सुरू, हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवा. आणि जे मालक तिथे राहत नाहीत त्यांचा विचार करा. टँपातलं घर भाड्याने देऊन पुण्याला परतलेले आपले लोक थोडे नाहीत. तुमच्या वेबमास्तरने सुरक्षेच्या नावाखाली अमेरिकेबाहेरचे आयपी अडवले असतील आणि ओटीपी फक्त अमेरिकन मोबाइलवर जात असेल, तर ड्यूज (असोसिएशनची वर्गणी) भरणारा तो मालक आपल्याच असोसिएशनच्या बजेटपासून वंचित राहतो. परदेशातल्या मालकांसाठी मोबाइल नंबर न लागता कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपची सोय ठेवा आणि त्यांच्याकडूनच एकदा तपासून घ्या.

इथे माझं मत जरा कडक आहे. सुरक्षेचं कारण पुढे करून कंत्राटं दडवणारं बोर्ड मला हॅकरइतकंच नकोसं वाटतं. मालकाने लेखी मागितलं तर युजरनेम आणि पासवर्ड द्यावाच लागतो. पोर्टल असलं तरी त्याचा प्रत्यक्ष कागद बघायचा हक्क संपत नाही: लेखी अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत दाखवायचं, नाहीतर 11 व्या दिवसापासून रोज 50 डॉलर, जास्तीत जास्त 10 दिवसांसाठी, इतकी भरपाई मागता येते. आलेल्या माणसाने मोबाइलने फोटो काढले तर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. जाणूनबुजून, वारंवार अडवणाऱ्या संचालकावर आता फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. म्हणून अर्ज आल्याची तारीख, काय मागितलं आणि कधी दाखवलं याची साधी वही ठेवा. रेकॉर्ड 7 वर्षं जपायचं असतं, तेव्हा बॅकअप पोर्टलच्या बाहेर, वेगळ्या खात्यात हवा. बॅकअपमधली एखादी फाइल परत आणूनही बघा.

ड्यूजचा बँक खाते क्रमांक बदलला असं सांगणारा ईमेल असोसिएशन कधीच पाठवणार नाही, हे सगळ्यांना आत्ताच कळवून ठेवा. भामटे नेमका तोच पाठवतात.

आणि काही फुटलंच तर कुणाला फोन करायचा ते एका कागदावर लिहा: होस्टिंग, मॅनेजमेंट कंपनी, वकील, विमा एजंट. फ्लोरिडाच्या कायद्यात ऑनलाइन खात्याचं युजरनेम आणि पासवर्ड एकत्र गेले तरी ती वैयक्तिक माहितीची गळती धरली जाते. मालकांना 30 दिवसांच्या आत कळवायचं असतं, आणि 500 किंवा जास्त लोकांचा मामला असेल तर अ‍ॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) खात्यालाही. हा कागद मात्र छापून ठेवा, कारण ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी पोर्टल उघडत नसेल.