पीमेमवर फाइलसिस्टम टाकण्याआधी

ऑप्टेन मेमरी (वीज गेली तरी डेटा टिकवणारी, रॅमच्या खाचेत बसणारी मेमरी; लिनक्सवर तिचं डिव्हाइस म्हणजे पीमेम) गुंडाळत असल्याचं इंटेलने २०२२ मध्ये सांगितलं, तरी ते मॉड्यूल अजून सर्व्हरमध्ये चालू आहेत आणि लिनक्सवर त्यांची नव्याने मांडणी करायची वेळ येतेच.

बॅकअप घ्या. नेमस्पेसचा, म्हणजे त्या मेमरीतून वेगळ्या काढलेल्या भागाचा, मोड किंवा सेक्टर साइझ बदलली की आतला डेटा गेलाच.

आकड्यांआधी मोड ठरवा. जुना डेटाबेस साध्या डिस्कसारखा वापरणार असेल तर सेक्टर मोड. वीज मध्येच गेली तर अख्खा सेक्टर एक तर जुना राहतो, नाही तर नवा, अर्धवट नाही. सेक्टर ५१२ किंवा ४०९६ बाइटचे मिळतात, ४०९६ घ्या. पण हमी तेवढ्या सेक्टरपुरतीच. इनोडीबीचं (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) पान मुळात १६ केबीचं, म्हणून डबलराइट (पान आधी दुसरीकडे लिहून ठेवायची सोय) बंद करू नका. कितीही मोह झाला तरी नाही.

फाइल थेट मेमरीत मॅप करायची असेल तर एफएसडॅक्स मोड. डॅक्स म्हणजे रॅममध्ये प्रत न करता थेट पीमेमवर वाचणं-लिहिणं. इथे फाइलसिस्टमचा ब्लॉक कर्नलच्या पानाएवढाच (पान म्हणजे मेमरीचा ठरलेला तुकडा) हवा, म्हणजे एक्स८६ वर ४०९६ बाइट. लहान फाइली आहेत म्हणून १०२४ चा ब्लॉक ठेवलात तर डॅक्स मिळणारच नाही.

आता पार्टिशनची सुरुवात. मागच्या खेपेला हीच बघायची राहिली, आणि ब्लॉक साइझ बरोबर असूनही वेग मिळेना. पार्टेड (पार्टिशन करायचं साधन) आपल्या मनाने १ एमआयबीवर सुरुवात करतो, आपल्याला हवी २ एमआयबीच्या पटीत. ती चुकली की मोठी, २ एमआयबीची पानं मिळत नाहीत आणि कर्नल गुपचूप ४ केबीवर उतरतो. १ जीआयबीच्या फाइलला ५१२ पेज फॉल्ट (पान जोडून घ्यायला कर्नलला मारलेल्या हाका) पुरले असते, तिथे २,६२,१४४ होतात. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. म्हणून सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणारं /sys) त्या पार्टिशनची 'स्टार्ट' फाइल उघडून बघा: आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, त्याला ४०९६ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. २०४८ दिसलं तर पुसा आणि पुन्हा करा. माझं स्पष्ट मत, पार्टिशन करूच नका. अख्ख्या पीमेमवर फाइलसिस्टम टाका.

सुरुवात जुळली तरी आतले तुकडेही जुळायला हवेत. ईएक्सटी४ फाइलसिस्टमला स्ट्राइड आणि स्ट्राइप-विड्थ (तुकड्याचा आकार, ब्लॉकमध्ये मोजलेला) दोन्ही ५१२ द्या, एक्सएफएस फाइलसिस्टमला एसयू (तुकड्याचा आकार) २ एमबी, एसडब्ल्यू (तुकड्यांची संख्या) १. फाइलही २ एमआयबीच्या पटीतच वाढवा. आणि हो, सुरुवात तपासलीत ना? फॉरमॅट करण्याआधी तपासा, डेटा भरल्यावर उपयोग नाही.

ॲप्लिकेशन स्वतः लिहीत असाल तर ऑप्टेन आत २५६ बाइटच्या तुकड्यांत लिहितं हे धरून चला. ६४-६४ बाइट विखरून लिहिलेत तर माध्यमावर चौपट लिखाण होतं.

कर्नलचा पानांचा हिशेब डिव्हाइसवरच ठेवा. दर टीआयबीमागे १६ जीआयबी जागा जाते, ती रॅममधून का द्यायची?

मग डॅक्ससह माउंट, डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) डॅक्स बंद झाल्याची ओळ नाही ना ते बघा, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना आपोआप माउंट करायची यादी) नोंद, रीबूट. पार्टिशन केलंच असेल तर रीबूटनंतर 'स्टार्ट' पुन्हा एकदा.