किनाऱ्यावरचं पॅकेज: स्वयंपाकघराची वेळ आणि भरतीची वेळ

अलिबाग, नागाव, काशीद, केळवा, बोर्डी इथल्या रिसॉर्टच्या जाहिरातीत ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी इतकाच असतो: खोली, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. दारू त्यात नसते, पाण्याची सीलबंद बाटली नसते, बनाना राइड नसते आणि ड्रायव्हरचं जेवणही नसतं. परदेशातल्या रिसॉर्टसारखं ‘दिवसभर हवं ते मागा’ असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते बुकिंगआधीच पुसून टाका.

हॉटेलवाल्यांची भाषा कळली की फोनवरचं बोलणं सोपं जातं. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. आपल्याकडचं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणजे एपी अधिक संध्याकाळचा चहा.

यातलं कोणतं घ्यायचं हे रिसॉर्टच्या थाटावर नाही, तुमच्या दिवसाच्या आखणीवर ठरवा. काशीदला किंवा नागावच्या आतल्या वाडीत रात्री बाहेर जेवायला फारसे पर्याय नसतात, तिथे पूर्ण पॅकेज सोयीचं. अलिबाग गावात खानावळी भरपूर, तिथे सीपी पुरे. मुरूडला राहून जंजिरा पाहायचा असेल तर राजपुरीच्या धक्क्यावरची रांग, शिडाची होडी आणि किल्ला मिळून अर्धा दिवस जातो आणि दुपारचं जेवण हमखास हुकतं. तिथे एमएपी मागा. ‘आमच्याकडे एपीच आहे’ असं उत्तर आलं तर दुपारच्या जेवणाऐवजी डबा बांधून द्याल का, हे विचारा. घरगुती रिसॉर्टवाले बहुधा देतात.

पैशांचा हिशेब

दर माणशी आहे, जोडप्यामागे आहे की खोलीमागे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मुलांच्या वयाचा. साधारण ५ वर्षांखालचं मूल फुकट आणि ५ ते १० किंवा १२ वर्षांचं अर्ध्या दरात, पण ही रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. अर्ध्या दरात जादा गादी धरली आहे का, तेही विचारून घ्या. तिसरा प्रश्न कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के.

हे आकडे किती फरक पाडतात ते पाहा. समजा माणशी ३,५०० रुपये दर आहे. दोन मोठ्यांचे ७,००० आणि आठ वर्षांच्या मुलाचे १,७५०, मिळून ८,७५० रुपये. सगळं पॅकेज एकाच खोलीचं भाडं धरून, म्हणजे ७,५०० च्या वर गेलं म्हणून, १८ टक्क्यांनी लावलं तर बिल १०,३२५ होतं, ५ टक्क्यांनी लावलं तर ९,१८७ रुपये ५० पैसे. म्हणून ‘प्लस टॅक्स’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘आम्ही तिघे, हातात येणारं अंतिम बिल किती?’ असं विचारा आणि उत्तर व्हॉट्सअपवर लिहून घ्या. सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलात ते दिसलं तर काढायला सांगा.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी जागा खरी आहे याची खात्री करा. सुंदर बंगल्यांचे फोटो उचलून खोटी बुकिंग घेणाऱ्यांचा धंदा लाँग वीकेंडच्या आधी जोरात असतो. नकाशावर दिसणाऱ्या नंबरवर वेगळा फोन लावा, व्हिडिओ कॉलवर आवार आणि खोली दाखवायला सांगा, आणि यूपीआयवर उमटणारं नाव रिसॉर्टच्या नावाशी जुळतं का पाहा. ‘आत्ता पूर्ण पैसे भरा, नाहीतर खोली जाईल’ म्हणणाऱ्याला जाऊ द्या. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितका उशीर, तितके पैसे थांबवणं अवघड.

‘सी व्ह्यू’, ‘सी फेसिंग’, ‘सी टच’ हे शब्द सैल आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे बरीच बांधकामं पाण्यापासून मागे असतात आणि मध्ये सुरूचं बन किंवा नारळाची वाडी येते. नकाशाच्या उपग्रह दृश्यात इमारतीपासून वाळूपर्यंतचं अंतर मोजा. २०० मीटर म्हणजे लहान मुलाला घेऊन तीन-चार मिनिटं. ७०० मीटर असेल तर आजी एकदाच किनाऱ्यावर येतील.

तारीख तिथी बघून ठरवा

शनिवार-रविवार ठरवताना आपण सुट्ट्या बघतो, तिथी बघत नाही. किनाऱ्यावर मात्र वाळू मिळणार की चिखल, मुलांना खेळायला जागा उरणार की पाणी थेट बंधाऱ्याला लागणार, हे तिथी ठरवते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा तीनाने गुणा, चाराने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला (दोन्हींचा आकडा १५) सव्वाअकरा, प्रत्यक्षात १२ च्या आसपास. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मध्ये सव्वासहा तासांवर ओहोटी. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक बघाच. तारीख निवडायला मात्र कॅलेंडरवरची तिथी पुरते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. दुपारी बाराला पाणी चढतं आणि संध्याकाळी सहाला दूर जातं, म्हणजे सूर्यास्ताला लांबरुंद ओली वाळू आणि मुलांना क्रिकेट. पण त्या दिवशी दुपारी दोन ते पाच पाणी जोरात ओढत असतं, तेव्हा कुणी आत शिरू नये. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. संध्याकाळी सहाला भरती असल्यामुळे पायरीवर बसून लाटा बघायला जोडप्यांना ही तारीख चांगली, वाळूत खेळायला आलेल्या कुटुंबाला नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर चतुर्थी-पंचमी बघा: सकाळी नऊ-दहाला ओहोटी मिळते, ऊन चढायच्या आत परत येता येतं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगामुळे पाणी पूर्ण उतरत नाही आणि घोडागाडीचे पैसे मोजावे लागतात. किल्ल्याला सोयीची वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. अर्ध्या घराचा उपवास असताना माशांचं पॅकेज घेतलं तर ते अर्धं वाया जातं, तेव्हा उपवासाचं मिळेल का हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

माशांचंही एक कॅलेंडर आहे. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. या काळात ताटातली सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं असतं. जून-जुलैत जाणार असाल तर खाडीचे मासे, सुकट, बोंबील किंवा कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी मागा, त्यातच चव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी विचारा: वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात, पाण्याचा थेंबही न घालता, बाहेरून जाळ लावून शिजवलेली. ती आयत्या वेळी होत नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं.

‘अनलिमिटेड’ जेवणात मर्यादा कशावर आहे हेही आधीच कळू द्या. बहुतेक ठिकाणी तळलेल्या माशाचा माणशी एक तुकडा असतो, रस्सा, भात आणि भाकरी हवी तितकी. खेकडे, जिताडा, मोठी कोळंबी वेगळ्या दराने, आणि तो दर त्या दिवशीच्या बाजारावर. ऑर्डर देण्याआधी आकडा विचारण्यात कमीपणा नाही.

पोचायला उशीर झाला की पॅकेज फाटतं

ठरलेली गोष्ट अशी बिघडते: चेक-इन अकराचं, दुपारचं जेवण एक ते तीन. ठाण्याहून किंवा दादरहून शनिवारी नऊला गाडी काढली, वडखळला अडकली, पोचायला साडेतीन. स्वयंपाकघर बंद. पैसे भरलेलं एक जेवण गेलं आणि संध्याकाळच्या भज्यांवर भूक भागवावी लागते. म्हणून गाडी सकाळी सहाच्या आत काढा. अटल सेतूने (जानेवारी २०२४ पासून, सुमारे २१.८ किलोमीटर) नवी मुंबईची गर्दी टळते, पण पेण, वडखळ आणि पुढचा अलिबागचा रस्ता तोच राहतो. अडकलातच तर दोनच्या आत फोन करा, ‘चार ताटं काढून ठेवा’ म्हणा. जेवण संपल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नाही.

गाडी नको असेल तर गेटवेहून मांडव्याची बोट तासाभराची. या बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तेव्हा रिसॉर्टने देऊ केलेल्या ‘पिकअप’चे वेगळे पैसे खरंच लागतात का ते बघा. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो गाडीसकट नेते आणि हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही चालते. पण वाऱ्याने फेरी रद्द झाली तर रिसॉर्ट तारीख बदलून देईल का, ही अट जून ते सप्टेंबरच्या बुकिंगमध्ये लिहून घ्या.

वसई, विरार, बोरिवलीकडच्यांनी अलिबागचा हट्ट सोडावा हे बरं. केळवे रोड आणि डहाणू रोड लोकलने गाठता येतात. बोर्डीचा किनारा उथळ, सुरूचं बन लांबच लांब. वाळू काळसर आणि ओहोटीला चिखल, हे मात्र गृहीत धरा. एका रात्रीसाठी मालाडच्या मार्वे जेट्टीवरून मनोरी पुरे.

खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

सामान उघडण्याआधी एसी आणि गीझर चालू करून बघा. खाऱ्या हवेने एसीचं बाहेरचं युनिट गंजतं, म्हणून आवाज करणारा पण गार न करणारा एसी ही किनाऱ्यावरची नेहमीची तक्रार. खोली बदलून घ्यायची तर दुपारीच. शनिवारी रात्री रिकामी खोली उरत नाही. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, ते विचारा. खिडक्यांच्या जाळ्या बघा, सुरूच्या बनातून संध्याकाळी डासांचे थवे येतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर साबणाला फेस येत नाही, प्यायला ते वापरू नका.

शांतता हवी असलेल्या जोडप्यांनी एक प्रश्न नक्की विचारावा: वन डे पिकनिकचे ग्रुप घेता का? घेत असतील तर अकरा ते पाच स्विमिंग पूल त्यांचाच, वर रेन डान्सची गाणी. पुलापासून लांबची खोली मागा, पोहायला सकाळी सातला किंवा साडेपाचनंतर उतरा. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद असायला हवा. पुलात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या, तिथे भाड्याने घ्यावे लागतात.

ओळखपत्र दोघांचंही लागतं. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देण्यावर कायद्याची बंदी नाही, पण काही रिसॉर्ट स्वतःच्या नियमाने किंवा स्थानिक पत्ता बघून नकार देतात. दारात वाद घालण्यापेक्षा आधी लेखी विचारलेलं बरं. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार (पहिले आठ आकडे झाकलेली प्रत) द्या. दारूचं म्हणाल तर बऱ्याच घरगुती रिसॉर्टना परवाना नसतो. राज्यात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं.

पाण्यात उतरताना गुडघ्याच्या वर नको, आणि जेवून किंवा पिऊन तर नकोच. काशीदचा किनारा दिसायला सुरेख, पण उतार एकदम येतो. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा. पावसाळ्यात आणि त्यानंतर निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे जीव) वाळूवर येतात, मेलेल्यालाही हात लावू नका. डंख झाला तर चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने धागे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. श्वास लागला तर १०८. गाडी वाळूवर नेऊ नका, भरती आली की ट्रॅक्टरवाला मागेल तो भाव द्यावा लागतो. आणि दुपारी चटई अंथरताना वर बघा, नारळाखाली नको.

चेक-आउट बहुधा दहाचं आणि नाश्ता आठपासून, म्हणून रात्रीच बिल मागवून तपासून ठेवा. रविवारी दुपारी तीननंतर निघालात तर परतीला वडखळ पुन्हा आहेच. नाश्ता करून दहाला निघा, नाहीतर बाहेर जेवून, अंधार पडल्यावर.