ऑफिसची सहल दिवेआगरला न्यायची तर आधी तिथी बघा

सहल ठरली की साहेब विचारतात, ‘बजेट किती?’ एचआरच्या मॅडम विचारतात, ‘थीम काय?’ आणि ज्याच्या गळ्यात ही धोंड दरवर्षी पडते तो मी, ॲडमिनवाला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघतो की त्या शनिवारी तिथी कोणती.

दिवेआगरला खेळ कधी घ्यायचे ते ओहोटी ठरवते, एक्सेल शीट नाही. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनलाही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, फरक पडत नाही. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा आणि रिसॉर्टवाल्याला विचारून खात्री करा.

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा शनिवार मिळाला तर उत्तम. भरती दुपारी साडेअकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. ऊन उतरलेलं, उधाणाचं पाणी पार आत गेलेलं आणि मागे उरलेली ओली वाळू इतकी घट्ट की टेनिस बॉल नीट टप्पा घेतो. क्रिकेट, रस्सीखेच, लगोरी, सगळं तिथेच मांडा. वरच्या भुसभुशीत वाळूत रस्सीखेच घेतली की पहिल्या दहा मिनिटांत कुणाचा तरी घोटा मुरगळतो आणि तो हमखास अकाउंट्सचा असतो. ट्रस्ट फॉल वगैरे हॉलमधले खेळ पुण्यातच ठेवा.

खेळ संपल्यावर घामाघूम मंडळी पाण्याकडे धावतात. इथे अडवायचं. ओहोटीचं पाणी माणसाला आत खेचतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ते आठवा. डुंबायचं तर रविवारी सकाळी, भरती चढत असताना, गुडघाभर पाण्यात. प्यायलेला कुणीही पाण्यात उतरणार नाही, मग तो मॅनेजर का असेना. हे बसमध्येच सांगून टाका, किनाऱ्यावर कुणी ऐकत नाही.

जून ते ऑगस्ट हा विषयच काढू नका. वॉटर स्पोर्ट्स बंद, जुलैअखेरपर्यंत मासेमारीला बंदी, आणि वाटेतल्या ताम्हिणी घाटात दरडीची भीती. थंडी बरी. मात्र मार्गशीर्षात बरीच मंडळी मासे खात नाहीत. कोकणात जाऊन पनीर बटर मसाला खायचा तर भोसरीत काय वाईट होतं?

जेवणाची यादी फक्त व्हेज-नॉनव्हेज अशी करू नका. शनिवार पाळणारे, जैन, आणि वद्य चतुर्थी आली तर संकष्टीचे उपासवाले वेगळे मोजा. थाळीचा भाव ठरवताना मासा कोणता, तुकडे किती आणि सोलकढी पुन्हा मिळणार का, हे फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशीच आकडा कळवा.

बसमध्ये ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीट द्या आणि ताम्हिणीच्या आधी मिसळीला थांबू नका. पोहे-चहा पुरे.

एक गोष्ट साहेबांना निघण्याआधी शांतपणे सांगायची: लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सहलीलाही लागू होतो. कंपनीची बस आणि रिसॉर्ट ही त्या दोन दिवसांपुरती कामाचीच जागा. महिलांच्या खोल्या एका बाजूला सलग घ्या, तक्रार समितीतलं एक तरी माणूस सोबत असू द्या. रात्री दहाला स्पीकर बंद. ‘कपल डान्स’ची कल्पना कुणी काढली तर ती तुमच्या पातळीवरच मारून टाका.

रविवारी जेवून दीडपर्यंत निघालात तर अंधाराच्या आत घाट पार होतो. निघताना सुकट-बोंबील घेणारे थांबणारच, त्यांना अर्धा तास द्या. पण पिशव्या डिकीत, दोन-दोन प्लास्टिकमध्ये बांधून. एकदा का एसी बसच्या रॅकवर जवळा चढला की माणगाव येईपर्यंत टीम बिल्डिंग उलट्या दिशेने सुरू होते.