सड्यावरच्या मोटारसायकल शर्यतीचे फोटो कसे काढावेत

कोकणात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या सपाट माळावर, मातीचा ट्रॅक आखून मोटारसायकलची शर्यत भरते, तेव्हा पहिल्यांदा कॅमेरा घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळालेला असतो : शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते तो काळ) १/२००० सेकंदावर ठेवा आणि बटण दाबून धरा. अशाने फोटो धारदार येतो यात शंका नाही. पण त्यात चाकाची आरी न् आरी मोजता येते आणि ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी स्टँडवर लावल्यासारखी दिसते. उडीच्या फोटोसाठी तो स्पीड ठीक आहे, सरळ पट्ट्यावरच्या फोटोसाठी मुळीच नाही.

जागा आधी ठरवावी. दुपारनंतर किनाऱ्यावर खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि सूर्यही तिकडेच कललेला असतो. म्हणून ट्रॅकच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहिल्यास उजेड स्वारावर पडतो आणि तांबडी धूळ आपल्यापासून दूर जाते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र कोणी परवानगी दिली तरी थांबू नये, कारण घसरलेली गाडी तिकडेच फेकली जाते.

फोकस सतत बदलत राहील अशा मोडवर कॅमेरा ठेवावा आणि फोकसचा बिंदू हेल्मेटवर धरावा.

खरे कठीण काम पॅनिंगचे. शटर स्पीड १/६० सारखा संथ ठेवून, गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत असतानाच बटण दाबले, की गाडी स्पष्ट राहते आणि मागचे दृश्य आडव्या रेघांत ओढले जाते. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे १/६० सेकंदात जवळजवळ २८ सेंटिमीटर. तेवढ्या क्षणात कॅमेरा थबकला, तर फोटो गेलाच.

माझे पहिले दोन हंगाम या थबकण्यात गेले. बोट शटरवर पडले की हात आपोआप थांबत असे, आणि घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिल्यावर हेल्मेट फरफटलेले, तर मागच्या काजूचे पान न् पान स्पष्ट दिसे. महागडी लेन्स घ्या, असे तेव्हा अनेकांनी सांगितले. तो सल्ला चुकीचा होता, कारण दोष लेन्सचा नसून उभे राहण्याचा होता. गाडी जिथे टिपायची त्या जागेकडे पावले रोखून घट्ट उभे राहावे आणि मग पाय न हलवता, फक्त कमरेतून, गाडी येते त्या दिशेला वळावे. कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत. गाडी दूर असतानाच हेल्मेट बिंदूवर घ्यावे, कमरेचा पीळ सोडत तिच्याबरोबर यावे, ती समोर येताच बटण हलकेच दाबावे, आणि चेंडू सुटल्यावरही गोलंदाजाचा हात जसा पुढे जात राहतो तसे, फोटो निघाल्यानंतरही गाडीबरोबर फिरत राहावे. हे शेवटचे फिरणे ज्याने टाळले, त्याचा फोटो हललाच म्हणून समजावे.

हा सराव शर्यतीच्या दिवशी करू नये. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या रस्त्याच्या कडेला, सुरक्षित अंतरावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाकींवर तो आठवडाभर करावा. सुरुवात १/२५० ने करावी, दहांपैकी चार फोटो नीट येऊ लागले की १/१२५ वर यावे, आणि त्यानंतरच १/६० ला हात घालावा.

एक चूक खास किनारपट्टीची आहे. गाडीच्या मागे समुद्र आणि आकाश घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. पण कोऱ्या निळ्या रंगात ओढल्या जाण्यासारखे काहीच नसल्यामुळे पॅनिंग कितीही अचूक साधले तरी पार्श्वभूमी वेग दाखवत नाही. पाठीमागे चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), काजूची रांग किंवा प्रेक्षकांची गर्दी असावी. समुद्राकडे पाठ करून उभे राहण्याचे हे तिसरे कारण.

भर उन्हात १/६० वर आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) अगदी कमी, १०० ठेवूनही ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, एफ/२२ पर्यंत बंद करावे लागते आणि मग सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण फोटोत काळा ठिपका होऊन उमटतो. लेन्सवर पोलरायझर (आत येणारा उजेड कमी करणारा फिल्टर) लावल्यास ॲपर्चर थोडे उघडे ठेवता येते. ट्रॅकवर लेन्स कधीही बदलू नये.

घरी आल्यावर धूळ आधी ब्लोअरने उडवावी, मगच कापड लावावे. जांभ्याची कच थेट पुसली तर काचेवर ओरखडे पडतात. नंतर किंचित ओलसर कापडाने कॅमेऱ्यावरचा खार टिपून घ्यावा आणि सगळे सामान सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे, कारण आपल्याकडच्या दमट हवेत बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी धरते.