डिस्कवरून उबुंटू अपग्रेड मध्येच अडकलं तर

जुन्या मशीनवर डीव्हीडीवरून उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करताना गाडी अडली, तर आधी ती डिस्क उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (म्हणजे सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये बांधलेली) दिसते? मग ती नुसती कॉपी झालीय. ‘बर्न इमेज’ निवडून नवी डिस्क बनवा. फोल्डर दिसत असतील, तर डाउनलोड केलेल्या आयएसओचा शा-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ओळखीचा कोड) उबुंटूच्या साइटवरच्या चेकसमशी ताडून पाहा. जुळला तर दोष बहुधा बर्निंगचा. स्पीड कमी ठेवून पुन्हा बर्न करा आणि शेवटचं ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेलं नीट उतरलंय का ते तपासणं, टाळू नका. वेळ खातं, पण खरं कामाचं तेच. दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकत असेल, तर डिस्कचा नाद सोडा. ड्राइव्हची लेन्स, नाहीतर रॅम तपासा. आणि हो, साधी सीडी आणू नका. १२.१० आवृत्तीपासून उबुंटू डेस्कटॉप ७०० एमबीत मावत नाही.