स्पॅम फिल्टर वेळेत उत्तर देत नसेल, तर आधी डीएनएस तपासावे
पावसाळ्यात रत्नागिरी-चिपळूणकडे इंटरनेटची लाइन मंदावली, की कार्यालयातील मेल सर्व्हरवर टाइमआउट (ठरलेल्या वेळेत उत्तर न मिळाल्याच्या नोंदी) दिसू लागतात आणि दोष स्पॅम फिल्टरला दिला जातो. प्रत्यक्षात स्पॅमअसॅसिन हा स्पॅम फिल्टर प्रत्येक मेलसाठी डीएनएसवरील (इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणारी यंत्रणा) काळ्या याद्यांकडे, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्यांकडे, विचारणा करतो आणि उत्तरासाठी मूळ सेटिंगनुसार 15 सेकंदांपर्यंत थांबतो. म्हणून थांबण्याची वेळमर्यादा वाढवण्याआधी लॉगमध्ये प्रत्येक मेलच्या तपासणीला लागलेला वेळ पाहावा आणि सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्थानिक रिझॉल्व्हर (डीएनएसच्या चौकशांची उत्तरे शोधणारा प्रोग्राम) बसवावा. हा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र या स्थानिक रिझॉल्व्हरकडील चौकशा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे पाठवू नयेत, कारण त्या मार्गाने आलेल्या चौकशांना स्पॅमहाउस ही काळ्या याद्या पुरवणारी संस्था योग्य उत्तर देत नाही. मेलचा मजकूर तपासण्यासाठी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मिल्टरला (त्याला जोडलेल्या फिल्टर प्रोग्रामला) मूळ सेटिंगनुसार 300 सेकंद देतो. फिल्टरची स्वतःची मर्यादा त्याहून कमी ठेवावी.