ओजीआर एफडीडब्ल्यू: ‘अनेबल टू कनेक्ट टू डेटा सोर्स’वर लागू पडलेला उपाय

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागांची शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) उबुंटूवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधून थेट वाचायची होती. त्यासाठी ओजीआर एफडीडब्ल्यू हे पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन, बाहेरची फाइल टेबलसारखी दाखवणारं. फाइलचा पाथ देऊन ‘क्रिएट सर्व्हर’ ही कमांड दिली की वरची एरर. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल बिनतक्रार उघडायची, म्हणून जास्तच डोकं फिरलं.

एक्स्टेन्शन पुन्हा टाकलं, जीडीएएल (ओजीआर जिचा भाग आहे ती लायब्ररी) अपडेट केलं, पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं. फरक शून्य.

खरं कारण असं: फाइल आपण उघडत नाही, सर्व्हरची प्रोसेस उघडते, आणि ती ‘पोस्टग्रेस’ या युजरने चालते. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीचं (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना बंद) असतं, तिथे ‘पोस्टग्रेस’ युजरला शिरताच येत नाही. माझी फाइल होममध्येच होती.

आधी शेपफाइलचे भाग असलेल्या एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे या सगळ्या फाइली होमबाहेर, ‘/एसआरव्ही/जीआयएस’मध्ये हलवा. फोल्डरला ७५५, फाइलींना ६४४ परवानगी द्या, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. मग ‘सुडो -यू पोस्टग्रेस ओजीआरइन्फो’ला (म्हणजे ‘पोस्टग्रेस’ युजर म्हणून फाइल तपासणाऱ्या कमांडला) तो पाथ देऊन बघा, इथे लेयर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, निम्मा वेळ इथेच वाचतो. नंतर डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटा हाताळणारं एक्स्टेन्शन) टाका, त्यानंतरच ओजीआर एफडीडब्ल्यू. क्रम उलटा नको, नाहीतर जॉमेट्रीचा (आकारांचा) कॉलम ‘बाइटए’ म्हणजे नुसत्या बाइट्सचा येऊ शकतो. मग ‘क्रिएट सर्व्हर’, आणि शेवटी ‘इम्पोर्ट फॉरेन स्कीमा ओजीआर_ऑल’, त्याने फाइलचं फॉरेन टेबल तयार होतं.

गावांची देवनागरी नावं चिरफाळलेली दिसली आणि डीबीएफ यूटीएफ-८ (अक्षरांची सांकेतिक पद्धत) मध्ये असेल, तर सर्व्हरच्या ‘कॉन्फिग_ऑप्शन्स’मध्ये ‘शेप_एन्कोडिंग=यूटीएफ-८’ द्या.

फॉरेन टेबलवर इंडेक्स बसत नाही. तापीकाठचे गट सातबाराच्या टेबलशी जोडायचे असतील, तर मटेरिअलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा निकाल साठवून ठेवणारा) करून जोडायच्या कॉलमवर इंडेक्स लावा; जॉमेट्रीसाठी जिस्ट प्रकारचा.